बंद कंपनीची चालू गाडी

गाडी चालू असली की किलोमीटर साठतात आणि उभी राहिली की किस्से. माझी गाडी गेल्या दोन वर्षांत चालली कमी आणि उभी राहिली जास्त, त्यामुळे माझ्याकडे स्टॉक भरपूर आहे. कुणी विचारायला लागत नाही, चहा आला की मी सुरू होतो.

कंपनीचं नाव मात्र घेत नाही. घेतलं की समोरचा दोनच प्रश्न विचारतो. "ती अजून मिळते?" आणि "तुझी अजून चालते?" पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं उत्तर वारावर अवलंबून आहे. जपानी आहे, स्वस्तातली आहे आणि कंपनी भारतातून गेलेली आहे, एवढं सांगितलं की जाणत्यांना कळतं. बाकीच्यांना कळून तरी काय उपयोग?

*

कंपनी गेल्याचं मला कसं कळलं ते आधी सांगतो.

सर्व्हिसिंगची तारीख आली म्हणून रजा टाकून रत्नागिरीतल्या शोरूमला गेलो. गेटवर तोच वॉचमन, तीच निळी टोपी, तोच सलाम. मी ऐटीत गाडी आत घेतली आणि बघतो तर काचेच्या मागे गाड्यांच्या जागी गाद्या! सिंगल, डबल, एक गोल.

"काय रे, गाड्या कुठे गेल्या?"

"कंपनी गेली साहेब. तुमाला फोन नाय आला?"

"नाही आला."

"मग आता मी सांगितला ना!"

हे सांगून झाल्यावर त्याला माझी दया आली असावी. जवळ येऊन म्हणाला, "आलाच हाव तर गादी बगून जावा. दहा वर्षांची वॉरंटी हाय."

माझ्या गाडीला एवढी कधीच नव्हती. आत जाऊन दोन गाद्या हातानं दाबून बघितल्या. खोटं कशाला सांगू, सस्पेन्शन चांगलं होतं.

*

तिथून आम्ही सगळे हातखंब्याला इक्बाल मेस्त्रीच्या गॅरेजवर गोळा झालो. सगळे म्हणजे चौघं. चौघांकडे हीच गाडी, चौघांच्याही गाडीला दुसरं कुणी हात लावत नव्हतं. इक्बाल माणूस सज्जन, त्याला नाही म्हणता येत नाही. हा त्याचा दोष आम्ही पहिल्याच दिवशी ओळखला.

मी कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये असिस्टंट, आणि तिथे नेट फुकट असतं. म्हणून या गाडीचा इतिहास वाचून मी सगळ्यांना सांगायला बसलो. ब्रँड जुना, शंभर वर्षांच्या आसपासचा. नावातली पहिली अक्षरं तीन भागीदारांच्या नावांतली. एकेकाळी जगभर गाजला. मग कंपनीनं ते नाव बाजूला ठेवलं. काही दशकांनी आपल्यासारख्या गिऱ्हाइकांसाठी स्वस्त गाडी म्हणून परत काढलं. आणि थोड्या वर्षांत परत मिटवलं.

टायरवर बसून नाना मांडवकर हे सगळं शांतपणे ऐकत होते. नाना राजापूरकडचे. उभी हयात एसटी चालवून रिटायर झालेले. ते म्हणाले, "समाजला. पासिंजर नाय म्हणून रूट बंद केलान. मग कोनतरी ओरडला म्हणून चालू केलान. मग परत बंद केलान. यात जपानचा काय एवढा?"

माझा तासाभराचा अभ्यास त्यांनी तीन वाक्यांत गुंडाळला.

त्याच दिवशी इक्बालनं नियम काढला. "चार गाड्या हायत. पार्ट कुठं मिळत नाय. जी पयली मरंल तिच्यावर बाकीच्या तीन जगतील." वहीचा कागद फाडून त्यानं भिंतीवर चिकटवला आणि कुणाची गाडी गेली तर कुणाला काय हवं ते लिहून घेतलं. नानांची गाडी सगळ्यांत जुनी, म्हणून सगळ्यांची नजर तिच्यावर. मी कॉम्प्युटर मागितला, म्हणजे इंजिनाला अक्कल देणारा तो डबा. तेव्हापासून आम्ही भेटलो की एकमेकांना आपुलकीनं "कशी आहे?" विचारतो. समोरच्याची बायको जवळ उभी असली तर तिचा गैरसमज होतो.

नानांनी मात्र काहीच मागितलं नाही. "माजी मरायची नाय," म्हणाले. "माजा खाना कोरा ठेव."

यात विनोद नव्हता. नानांचा मुलगा प्रदीप मुंबईला असतो. त्यानं वडिलांना स्पष्ट बजावलं होतं, "ही गाडी आहे तोवर चालवा. ही गेली की दुसरी घ्यायची नाही, आणि स्टिअरिंगला हात लावायचा नाही. वय झालं तुमचं." नानांचे डोळे चांगले, लायसन रीतसर वाढवलेलं. पण प्रदीप हट्टाला पेटला की नानांवरच जातो. म्हणजे आमची गाडी गेली तर आमची गाडी जाणार होती. नानांची गेली तर नानांचं ड्रायव्हिंग जाणार होतं. मला हे सगळं माहीत होतं आणि तरी मी कागदावरून माझं नाव खोडलं नाही, हेही सांगून टाकतो.

*

नानांच्या गाडीत बसायचं म्हणजे आधी थोडी माहिती हवी.

ते वळण घेतात ते बसचं. चार पावलांची गाडी, पण अख्खा रस्ता मागतात. आणि मागून दोनदा ठोकल्याशिवाय गाडी हलवत नाहीत! इतकी वर्षं कंडक्टरच्या डबल बेलवर निघायची सवय. म्हणून नानी कायम मागच्या सीटवर बसतात, पुढची रिकामी असली तरी. सगळे बसले, दारं लागली, की दाराच्या पत्र्यावर दोनदा टकटक. मग नाना गिअर टाकतात.

एकदा मी त्यांच्याबरोबर राजापूरहून येत होतो. नाना प्रत्येक एसटी स्टॉपवर थांबत होते. कुणी नसलं तरी! मी म्हटलं, "नाना, कशाला?"

"पाय आपोआप जातो रे."

एका स्टॉपवर एक आजीबाई नातीला घेऊन उभ्या होत्या. समोर गाडी थांबली, ड्रायव्हर खाकी रंगाच्या शर्टात, मागे बाई बसलेली. त्यांनी दार उघडलं आणि त्या बसल्या. नानींनी टकटक केलं. नाना निघाले. आजीबाईंनी हातखंबा फाट्याला उतरताना पैसे काढले. नाना म्हणाले, "नको गो बाय."

आजीबाई खवळल्या. "नको कसा? माजा फुल नि हिचा हाफ! नि तिकीट दे आदी. मधी चेकर आला तर?"

नानांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या खिशात कॉलेजच्या केमिकलची पावती होती, ती फाडून दिली. आजीबाईंनी ती नीट घडी करून कनवटीला लावली आणि मगच उतरल्या.

*

आमच्यातल्या शुभांगी मॅडम पावसच्या बाजूला शाळेत शिकवतात. शाळेच्या आवारात आंब्याची झाडं, झाडांवर माकडं. आणि माकडाला गाडीचा आरसा दिसला की त्यात दुसरं माकड दिसतं. मग मारामारी! कोकणात गाडी ठेवणाऱ्या प्रत्येकाला हा त्रास आहे, पण बाकीच्यांना दुकानात नवा आरसा मिळतो. आमच्या गाडीचा आरसा फुटला तर भिंतीवरच्या कागदाकडे बघत बसावं लागतं.

म्हणून मॅडमनी गाडी उभी केली की दोन्ही आरशांवर मिस्टरांचे जुने मोजे चढवायला सुरुवात केली. उपाय चांगला होता. फक्त शाळा सुटल्यावर मोजे काढायचं त्यांच्या लक्षात राहीना.

एका दुपारी हातखंब्याला हवालदारानं त्यांना अडवलं. आरशाकडे बघितलं. मोज्याला हात लावून खात्री केली.

"मॅडम, हे काय?"

"मोजे."

"ते दिसतंय. कशासाठी?"

"माकडांसाठी."

हवालदारानं आजूबाजूची झाडं न्याहाळली. मग म्हणाला, "अहो, पण मागचं कसं दिसतं तुम्हाला?"

"मागचं बघून काय करू? मागे कुणी असलं तर तो मला ओव्हरटेक करून केव्हाच गेलेला असतो!"

त्यानं पावती केली नाही. गाडीला एकदा चक्कर मारून म्हणाला, "माझ्या मेव्हण्याकडे हीच होती," आणि मोजे काढून मॅडमच्या हातात देऊन त्यांना जाऊ दिलं.

*

पूर्णगडचा संदेश आमच्यातला सगळ्यांत व्यवहारी. त्याचा मासळीचा धंदा. टेम्पो बंद पडला की बर्फाच्या पेट्या मागच्या सीटवर. त्यात समुद्राची हवा. गाडी खालून गंजायला लागली आणि आतून... काय सांगू, गाडी घराकडे वळली की गावातली मांजरं रस्त्यावर येऊन बसायची.

शेवटी त्यानं गाडी विकायची ठरवलं. आम्ही तिघं हादरलो. विकली तर पार्ट गेले! पण नियम मेलेल्या गाडीला होता, विकलेल्या गाडीला नव्हता.

गिऱ्हाईक रत्नागिरीहून आलं. सभ्य माणूस, इस्त्रीचा शर्ट. संदेशनं दोन दिवस आधी गाडी धुतली होती, आत लिंबं ठेवली होती, उदबत्ती लावली होती. गिऱ्हाईक आत बसलं, काचा वर केल्या, एसी लावला आणि पुलापर्यंत चक्कर मारायला गेलं. संदेश दारात उभा. मी मुद्दाम रजा काढून गेलो होतो.

गाडी परत आली. माणूस उतरला. डोळ्यांत पाणी, पण चेहरा शांत. किल्ली संदेशच्या हातात ठेवून म्हणाला, "गाडी राहू दे."

"का हो? पिकप बरा हाय..."

"पिकप चांगला आहे. बांगडे कुठून घेता तुम्ही? एकदम ताजे वाटले."

संदेशनं त्याला दोन किलो दिले. गाडी अजून त्याच्याकडेच आहे.

*

मध्ये एकदा नानांची गाडी खरंच मरायला टेकली होती.

बाजारात क्लचची केबल तुटली. ती केबल कुठेच मिळेना. इक्बालनं कोल्हापूरपासून गोव्यापर्यंत फोन केले. नाही म्हणजे नाही. बातमी फुटल्यावर दुसऱ्या दिवशी मी गॅरेजवर गेलो, सहज. मॅडमही सहज आल्या. संदेश तर पाना घेऊनच सहज आला होता.

नाना गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभे होते. त्यांनी आम्हा तिघांकडे एकेक करून बघितलं आणि म्हणाले, "बगायला आलाव, का न्यायला?"

मी पिशवीतून नारळाच्या वड्या काढून त्यांना दिल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

इक्बालनं मग एका जुन्या टेम्पोची केबल काढली, कापली, तिची टोकं घासून बसवली आणि म्हणाला, "नाना, जपानी गाडीत टेम्पोचा काम केलाय. जमंल का बगा. लय कडक झालाय, पाय भरून येईल."

नानांनी क्लच दाबला. सोडला. परत दाबला. गुडघ्यापर्यंत जोर लावावा लागत होता. मॅडम म्हणाल्या, "नाना, या वयात एवढा कडक क्लच? नको हो."

नानांचा चेहरा खुलला. "एसटीसारखा लागतोय!" म्हणाले. "आदी या गाडीत क्लच हाय का नाय तेच समजत नव्हता."

आम्ही तिघंही हसलो, टाळ्यासुद्धा वाजवल्या. पण घरी जाताना संदेशनं पाना परत पिशवीत टाकला तो जरा जोरातच.

*

आणि आता मे महिन्यातलं सांगतो.

शिमग्यानंतर माझ्या गाडीचा कॉम्प्युटर गेला. तोच डबा. गाडी मेली नव्हती, फक्त तिची अक्कल गेली होती. गाडी इक्बालकडे ताडपत्रीखाली जाऊन पडली, मी एसटीनं फिरायला लागलो. मॅडमची आणि संदेशची गाडी चालू होती, त्यामुळे अख्ख्या जिल्ह्यात मला मिळण्यासारखा एकच डबा होता, आणि तो नानांच्या गाडीत होता.

तेवढ्यात नानांनी गडग्याला गाडी घासली. शेळी आडवी आली म्हणून. गडगा म्हणजे दगडी कुंपण, त्याला काही झालं नाही. गाडीवर एक ओरखडा. पण गावाच्या ग्रुपवर फोटो गेला आणि दहा मिनिटांत प्रदीपचा मुंबईहून फोन आला. चार दिवसांनी प्रदीप स्वतः आला. "गाडी काढायची," म्हणाला. "इक्बालला देऊन टाकू, तो पार्ट वाटून देईल." मग त्यानं मलाच फोन केला, "काका, तुम्ही या. तुम्हाला तो डबा हवाय ना? आजच्या आज काढून न्या."

मी गेलो. नाही कसा जाणार?

घरी बघतो तर नाना पडवीत बसलेले, चेहरा उतरलेला. प्रदीप म्हणाला, "बाबा ऐकत नाहीत. म्हणतात देवीला विचार."

आमच्याकडे घराचं, जमिनीचं, लग्नाचं कुठलंही अडलं की ग्रामदेवतेला कौल लावतात. गुरव मूर्तीला दोन बाजूंना ओल्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो, आणि आधी जी पाकळी पडेल तो देवीचा शब्द. त्यापुढे कुणी बोलत नाही. प्रदीप मुंबईत राहत असला तरी गावचाच, तो कबूल झाला. "देवी जे सांगेल ते. पण मग परत विषय नाही."

देवळात गेलो. गुरवांनी पाकळ्या लावल्या आणि हात जोडले. "आय, तुजा लेकरू तुज्या पायाशी आलाय. गाडी काढायची आसंल तर उजवा दे, ठेवायची आसंल तर डावा दे. झाला गेला पोटात घाल, नि खरा काय ता सांग."

आम्ही बसलो. पाकळी हलेना.

पंधरा मिनिटं गेली. अर्धा तास गेला. नाना डोळे मिटून बसले होते, ओठ पुटपुटत होते. मीही हात जोडले होते. मी काय मागत होतो ते देवीला ठाऊक, तुम्हाला सांगायची लाज वाटते.

तासाभरानं प्रदीपची चुळबुळ सुरू झाली. त्याची मुंबईची गाडी होती चारची आणि स्टेशन गावापासून लांब. "अजून किती वेळ?"

गुरव म्हणाले, "देवी इचारात पडलीय. तिला घाई करू नये."

"रिक्षा बोलवा कुणीतरी."

"रिक्षा लग्नाला गेल्या."

"एसटी?"

नानांनी डोळे न उघडताच सांगितलं, "तीनची गेली. आता साडेपाचला."

"मोटारसायकल तरी?"

त्याच्या सामानात आंब्याच्या दोन पेट्या होत्या, एक फणस होता आणि मोठी बॅग होती. सगळ्यांनी फणसाकडे बघितलं.

प्रदीपनं मनगट वर केलं. घड्याळ बघितलं, मूर्तीकडे बघितलं. मग खाली बघून म्हणाला, "बाबा... सोडता का?"

नाना उठले. देवीला नमस्कार केला आणि इतक्या तरातरा बाहेर गेले की त्यांच्या चपला उलटसुलट झाल्या. दोन मिनिटांत देवळासमोर गाडी आली. पेट्या मागे, फणस मागे, प्रदीप पुढे. बसताना म्हणाला, "बाबा, हळू." नानी नव्हत्या, म्हणून पत्र्यावर दोनदा टकटक मीच केलं. गाडी पिंपळाच्या पाराला वळली तेव्हा त्याचा आवाज परत ऐकू आला, "बाबा, जरा जोरात घ्या हो, चुकेल!"

धूळ खाली बसली. गाडीचा आवाज लांब गेला. देवळात मी आणि गुरव दोघंच उरलो. म्हटलं, निघावं आता, देवीचं दर्शन घेऊन जावं, म्हणून गाभाऱ्याच्या दारात जाऊन उभा राहिलो.

आणि माझ्या डोळ्यांदेखत पाकळी पडली. उजवी.

मी गुरवांकडे बघितलं. गुरवांनी माझ्याकडे बघितलं. मग ते सावकाश वाकले, पाकळी उचलली, तांब्यातल्या पाण्यात बुडवली आणि होती तिथे परत लावली.

"वारा," म्हणाले.

त्या गाभाऱ्याला खिडकी नाही. एकच दार, आणि त्या दारात मी उभा होतो.

"हो," मी म्हटलं. "फार सुटलाय आज."